घड्याळं बनवण्याची पदवी: सांगली-साताऱ्यात राहून तयारी कशी करावी

शिवाजी विद्यापीठाच्या किंवा आसपासच्या कुठल्याही विद्यापीठाच्या यादीत घड्याळशास्त्राची पदवी सापडणार नाही. ती शिकायला परदेशी, मुख्यतः इंग्लंडला जावं लागतं. खर्च मोठा आहे आणि वर्गात जागा थोड्या. अशा वर्गात पहिल्या सहा महिन्यांत मागे पडणारा विद्यार्थी बहुधा गणितात कच्चा नसतो. त्याने कानस कधी धरलेली नसते, हे खरं कारण. म्हणून प्रवेशाचे कागद हा या लेखाचा छोटा भाग आहे. मोठा भाग आहे अर्जाआधीच्या वर्ष-दीड वर्षात घरच्या टेबलावर काय करायचं त्याचा.

आधी ठरवा: बनवायचं, जपायचं की दुरुस्त करायचं

बाहेरून तिन्ही सारखं दिसतं, पण शिक्षण वेगळं आहे.

बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटीच्या स्कूल ऑफ ज्वेलरीत हॉरॉलॉजीची, म्हणजे घड्याळशास्त्राची, तीन वर्षांची बीए ऑनर्स पदवी शिकवत आले आहेत. ही शाळा शहराच्या जुन्या दागिने-कारागिरांच्या भागात, व्हिटोरिया स्ट्रीटवर आहे. तिथे रेखाटन, रचना, भाग स्वतः बनवणं आणि इतिहास यांवर भर असतो. अर्ज करण्याआधी त्या वर्षाचे प्रवेश खुले आहेत का, हे विद्यापीठाकडूनच पक्कं करा. लहान अभ्यासक्रमांच्या तुकड्या दरवर्षी भरतातच असं नाही.

वेस्ट ससेक्समधल्या वेस्ट डीन कॉलेजात जुन्या घड्याळांचं जतन शिकवतात. तिथे घड्याळ चालू करणं एवढंच ध्येय नसतं. कुठला भाग मूळचा, कुठला नंतर घातलेला, काय बदलायचं आणि काय मुद्दाम तसंच ठेवायचं, हा तिथला अभ्यास. संग्रहालयांत काम करायचं असेल तर ही वाट.

तिसरी वाट सर्व्हिसिंगची. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलची वोस्टेप ही संस्था १९६६ पासून घड्याळ-कारागीर घडवते आणि तिचा पूर्ण अभ्यासक्रम ३,००० तासांचा आहे. ही पदवी नाही, पण कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हिचं वजन पदवीपेक्षा जास्त. कुपवाडला किंवा साताऱ्याला महागड्या मनगटी घड्याळांचं दुकान टाकायचं असेल, तर तीन वर्षांच्या पदवीवर पैसे घालू नयेत, हे आमचं स्पष्ट मत.

घर सोडणं शक्य नसेल तर ब्रिटिश हॉरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचं दूरशिक्षण आहे. ही संस्था १८५८ ची, नॉटिंगहॅमशरमधल्या अप्टन हॉलमधली. सिद्धांत आणि रेखाटन घरी होतं, मात्र हाताचं काम तपासून देणारं माणूस जवळ नसतं. ती उणीव खालच्या सरावाने थोडीफार भरून निघते.

पहिले चार महिने: कानस

घड्याळाला हात लावायचा नाही. पितळेची ६ मिलिमीटर जाडीची पट्टी आणा आणि २५ बाय २५ मिलिमीटरचा तुकडा कापा. तो कानशीने २०.०० बाय २०.०० वर आणायचा. समोरासमोरच्या कडांमध्ये फरक ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चारही कोपऱ्यांत गुण्या लावल्यावर उजेड दिसता कामा नये. मोजायला ०.०२ चा व्हर्नियर चालेल, शेवटी ०.०१ चा मायक्रोमीटर लागेल.

आठ इंची सेकंड कट कानशीने सुरुवात करा. मापाला ०.३ मिलिमीटर उरले की सहा इंची स्मूथ घ्या, शेवटचा हात बारीक स्विस कट ४ चा. कडेला पोट येणं ही नेहमीची चूक. कानस पुढे ढकलताना सुरुवातीला उजवा हात दाबतो, शेवटी डावा, म्हणून कानस पाळण्यासारखी डोलते आणि मधला भाग उंच राहतो. व्हाइसची उंची कोपराइतकी करा, दाब पुढे जाताना डाव्या हातावरून उजव्यावर सरकवत न्या आणि परत येताना कानस उचला. कानशीच्या दातांत पितळेचा कीस अडकला की कामावर ओरखडे पडतात, त्यासाठी आधी कानशीला खडू चोळून ठेवायचा. नवी कानस आधी फक्त पितळेसाठी वापरा, जरा बोथट झाली की पोलादासाठी. उलट केलंत तर ती पितळेवर घसरायला लागते.

पहिले चार-पाच तुकडे भंगारात जातील. मापाखाली गेलेला तुकडाही तारीख घालून ठेवा, पुढे लागेल.

मग पोलाद. ३ मिलिमीटर जाडीचा सिल्व्हर स्टीलचा, म्हणजे तापवून कडक करता येणाऱ्या पोलादाचा, दांडा घेऊन त्यातून स्क्रूड्रायव्हरचं पातं बनवा. आकार देऊन झाला की ते कडक करायचं: पिकलेल्या चेरीसारखा लाल रंग येईपर्यंत, म्हणजे साधारण ७८० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सरळ उभं तेलात बुडवायचं. तिरकं बुडवलं तर वाकतं. या अवस्थेत ते काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून घासून चकचकीत करून पुन्हा मंद तापवायचं. पितळी ताटलीत पितळेचाच कीस पसरून त्यावर पातं ठेवलं आणि खालून स्पिरिटचा दिवा दिला, तर उष्णता सारखी पसरते. २२५ अंशांच्या आसपास गवती पिवळा, २८० ला जांभळा, ३०० जवळ निळा. कापायच्या हत्याराला पिवळ्यावर थांबा, स्क्रूड्रायव्हरला जांभळ्या-निळ्यावर. बोटाचा तेलकट डाग राहिला तर रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो. निळा निघून राखाडी आला तर पोलाद मऊ पडलं, पुन्हा पहिल्यापासून.

लेथ शिकायला आयटीआयचा टर्नर किंवा फिटर ट्रेड चांगला. तो जमणार नसेल तर मिरज-कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या जॉबशॉपमध्ये सुट्टीत उभं राहू देतात का, विचारा. तिथला लेथ घड्याळाच्या कामासाठी फार मोठा असतो, पण हत्याराला धार कशी द्यायची हे तिथेच कळतं. पितळेसाठी टूलचा वरचा पृष्ठभाग सपाट ठेवायचा. पोलादासारखा उतार दिलात तर टूल पितळेत घुसतं आणि काम उपटून टाकतं. सोनाराची करवत हाताळायला सराफ कट्ट्यावरच्या कारागिराइतका चांगला गुरू नाही. पात्याचे दात मुठीकडे आणि ताण इतका की टिचकी मारल्यावर पातं वाजलं पाहिजे.

सोबत थोडं गणित

बारावीच्या पुढचं काही लागत नाही, पण जे लागतं ते बोटांवर हवं. उंच उभ्या घड्याळात नेहमी आढळणारी रचना घ्या: मधलं चक्र ६४ दातांचं, तिसरं ६० चं, दोन्ही पिनियन, म्हणजे त्यांना जुळणारी छोटी दातेरी चक्रं, ८ पानांचे (दातांचे), एस्केप चक्र, म्हणजे लंबकाच्या झोक्याबरोबर एकेक दात सुटणारं शेवटचं चक्र, ३० दातांचं. ६४ भागिले ८ गुणिले ६० भागिले ८, म्हणजे ६०. मधलं चक्र तासाला एक फेरा घेतं, तेव्हा एस्केप चक्र मिनिटाला एक. दर दाताला दोन ठोके, म्हणजे तासाला ३,६०० ठोके. लंबक सेकंदाला एक ठोका देणारा हवा.

त्या लंबकाची लांबी लंडनला सुमारे ९९४ मिलिमीटर, सांगलीत सुमारे ९९१. विषुववृत्ताकडे आणि समुद्रसपाटीपासून वर येताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं. त्यामुळे लंडनला बरोबर लावलेलं घड्याळ लंबकाला हात न लावता सांगलीत टांगलं तर दिवसाला दोन मिनिटांच्या आसपास मागे पडेल. लंबकाखालची चकती फिरवून गोळा ३ मिलिमीटर वर घेतला की ते वेळेवर येतं. या लांबीच्या लंबकात १ मिलिमीटरला दिवसाचे ४३ सेकंद, हे प्रमाण पाठ असू द्या. पोलादी दांडी असेल तर तापमान १ अंशाने वाढल्यावर दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे. एप्रिलात मागे पडणारं घड्याळ जानेवारीत पुढे का जातं, ते यात आलं.

मनगटी घड्याळाचंही करून बघा. तासाला १८,००० ठोके, एस्केप चक्राला १५ दात, तर एस्केप चक्राचे तासाला ६०० फेरे. सेकंद काट्याचं चक्र तासाला ६० फेरे घेतं. गुणोत्तर १० हवं: ७० दातांना ७ चा पिनियन, किंवा ८० ला ८ चा.

टोल्याचं घड्याळ: पहिली खरी परीक्षा

आपल्याकडे जुन्या वाड्यांत, शाळांत, पेढ्यांवर आठ दिवसांच्या चावीची अमेरिकन आणि जर्मन घड्याळं अजून लटकलेली आहेत. शिकायला यांच्यासारखं दुसरं काही नाही. सगळे भाग डोळ्यांना दिसतात. पण घराण्याचं एकुलतं एक घड्याळ पहिल्यांदा घेऊ नका, जुन्या बाजारातलं बिनखोक्याचं मशीन घ्या. कृष्णेच्या २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेलं मशीनही टाळा. गंजलेल्या पिनियनने नवं पितळी चक्र महिन्यांत खराब होतं, आणि तुम्हाला कळणारही नाही की दोष तुमच्या कामाचा की गंजाचा. पुरातलं घड्याळ हाती आलंच, तर चावी अजिबात देऊ नका. मशीन खोक्यातून काढा, चिखल स्वच्छ पाण्याने धुवा, लगेच स्पिरिटने पाणी काढून वाळवा.

खोलण्याचा क्रम असा:

१. मशीन चालू असतानाच नीट बघा. प्रत्येक चक्र पुढे-मागे हलवून पिव्हट, म्हणजे धुऱ्याचं टोक, भोकात किती डुलतं ते वहीत लिहा. धुतल्यावर ही माहिती मिळत नाही.

२. दोन्ही स्प्रिंगांची ताकद उतरवा, चालीचीही आणि टोल्यांचीही. अमेरिकन मशीनमध्ये स्प्रिंग उघडी असते, डबीत नसते. आधी पूर्ण चावी द्या, गुंडाळीवर पोलादी कडं किंवा जाड तार अडकवा, मग चावी सोडायच्या हँडलने ताण हातात घेऊन क्लिक, म्हणजे स्प्रिंग उलट फिरू न देणारा खटका, उचला आणि हळूहळू सोडा. एक स्प्रिंग विसरून प्लेट उघडली, तर चक्रांचे दात तुटतात आणि बोटंही कापली जातात. या सगळ्या लेखात घाई न करण्याची जागा एकच असेल तर ती हीच.

३. दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो. मग नट, वरची प्लेट, चक्रं. चालीची आणि टोल्याची चक्रं वेगळ्या डब्यांत. ती एकमेकांसारखी दिसतात, सारखी नसतात.

धुताना अमोनियायुक्त द्रावणात पंधरा-वीस मिनिटं पुरे. रात्रभर ठेवलेलं पितळ, विशेषतः ठोकून घडवलेलं, अमोनियाने तडकतं. नंतर प्रत्येक भोकात टोक केलेली मऊ लाकडी काडी फिरवायची. काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत नवी टोकं करत राहा. एका मशीनला तासभर लागतो. याच कामाचा कंटाळा केलेलं घड्याळ सहा महिन्यांत परत येतं.

आता झिजलेली भोकं. बाजारात याला एक झटपट उपाय चालतो: भोकाभोवती पंच मारून धातू आत ढकलायचा. भोक लहान होतं, घड्याळ चालतं, पण प्लेट कायमची विद्रूप होते आणि पिव्हट अर्ध्याच जाडीवर टेकतो. परीक्षेच्या टेबलावर तर हे अपात्र ठरवणारं काम. योग्य रीत म्हणजे भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवणं. भोक अंडाकृती झिजतं, ढकलणाऱ्या चक्रापासून दूरच्या बाजूला. तसाच रिमर, म्हणजे भोक रुंद करणारं हत्यार, फिरवलात तर तो झिजलेल्या बाजूलाच ओढला जातो आणि नवं भोक चुकीच्या जागी पडतं. म्हणून आधी न झिजलेली बाजू बारीक गोल कानशीने तितकीच घासून मध्य मूळ जागी आणा, मग रिमर, मग प्लेटच्या आतून बुश. बुश भोकापेक्षा ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर मोठा हवा म्हणजे घट्ट बसतो. शेवटी आतलं भोक पिव्हटला इतकं मोकळं करा की चक्र एकटं उभं केल्यावर सगळ्या बाजूंना साधारण ५ अंश झुकेल. पिव्हटवर आडवे चरे असतील तर बुशच्या आधी ते घासून पॉलिश करायचे, नाहीतर नवा बुश तो पिव्हटच खाऊन टाकेल.

जोडताना चालीची बाजू कोणालाही जमते. टोल्यांची बाजू रडवते. टोले थांबलेल्या स्थितीत तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या हव्यात: मोजणीच्या चक्रातल्या खोल खाचेत तरफ पडलेली, हातोडीची शेपटी कुठल्याही पिनवर न टेकलेली, आणि इशाऱ्याच्या चक्राच्या, म्हणजे टोल्याच्या जरा आधी थोडं फिरून थांबणाऱ्या चक्राच्या, पिनला थांब्यापर्यंत पोचायला अर्धा फेरा मोकळा. हातोडी अर्धी उचललेल्या अवस्थेत थांबत असेल, तर पुढच्या तासाला चक्रांना सुरुवातीलाच वजन उचलावं लागतं आणि टोले मध्येच अडकतात. प्लेट किंचित उघडून एक चक्र एक दात सरकवायचं, पुन्हा बघायचं. पहिल्यांदा चार-पाच वेळा करावं लागतं, त्यात कमीपणा नाही.

तेल फक्त पिव्हटच्या भोकांना आणि पॅलेटच्या, म्हणजे एस्केप चक्राचे दात अडवून सोडणाऱ्या भागाच्या, टोकांना. चक्रांच्या दातांना नाही. दातांवर तेल पडलं की धूळ चिकटते आणि ती पिनियनला कानशीसारखी कापते. भोकाभोवतीची वाटी अर्धी भरेल इतकंच तेल. घराघरांत खोबरेल सोडलेलं आढळतं. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे साताऱ्याच्या डिसेंबरात घड्याळ पहाटे बंद पडतं आणि दुपारी आपोआप सुरू होतं. शिलाई मशीनचं तेल गोठत नाही, पण पसरून भोकातून निघून जातं. घड्याळासाठीचंच तेल घ्या, छोटी बाटली वर्षं पुरते.

भिंतीवर टांगल्यावर टिक आणि टॉक यांमधलं अंतर कानाने ऐका. लंगडं वाजत असेल तर लंबक ढकलणारी तार, क्रच, किंचित वाकवा. खोकं तिरकं करून आवाज जुळवणं म्हणजे पुढच्या झाडलोटीला घड्याळ बंद.

मग एचएमटी

चावीची एचएमटी जनता शिकण्यासाठी आदर्श: १७ ज्वेल (पिव्हट टेकणारे खडे), तासाला १८,००० ठोके, जादा यंत्रणा काही नाही, सुटे भाग मिळतात. दोन घ्या, एक मोडायला. चिमटे ३ आणि ५ नंबरचे, स्क्रूड्रायव्हर ०.६ ते २ मिलिमीटर, पाचपट आयग्लास कामाला आणि दहापट तपासणीला. चिमट्याची टोकं लोहचुंबकाजवळ ठेवू नका.

चावीची दांडी काढताना बाजूचा स्क्रू फक्त एक-दीड फेरा सैल करायचा. पूर्ण काढलात तर आतली तरफ डायलखाली पडते आणि डायल काढल्याशिवाय परत बसत नाही. मग क्लिक मागे ओढून चावी उतरवा, बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झुलणारं चाक, पुलासकट उचला. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चिमटा लागला की तिची वळणं एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. स्वच्छ करताना पॅलेट आणि बॅलन्स स्पिरिटमध्ये बुडवून ठेवू नका, कारण तिथले खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॅलेट घासलेट किंवा बेंझिनमध्ये क्षणभर बुडवून काढायचा.

तेल तीन प्रकारचं लागतं. वेगवान पिव्हट आणि बॅलन्सला पातळ मोबियस ९०१०, पॅलेटच्या खड्यांना ९४१५, हळू फिरणाऱ्या जड भागांना डी-५ सारखं घट्ट. पॅलेटच्या स्वतःच्या पिव्हटला तेल देत नाहीत, तिथलं तेल फक्त चाल मंदावतं.

टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण चावी देऊन घड्याळ आडवं ठेवा. बॅलन्सचं झोके घेणं २७० ते ३०० अंश मिळालं तर काम चांगलं, २०० च्या खाली गेलं तर आधी स्प्रिंग आणि घाण तपासा, वेळ जुळवायचा काटा नंतर. ठोक्यांतला फरक ०.८ मिलिसेकंदाच्या आत हवा. चोवीस तासांनी पुन्हा मोजा. नुसतं पहिल्या तासाचं मोजमाप घेऊन घड्याळ गिऱ्हाइकाला देणारे बरेच असतात.

वही, म्हणजेच पोर्टफोलिओ

चमकवलेल्या डायलचे फोटो कोणीही पाठवतं. निवड करणाऱ्याला विचार बघायचा असतो. म्हणून प्रत्येक वस्तूची दोन पानं करा. एकावर आल्यावेळची स्थिती, मापांसह, काही न करता. दुसऱ्यावर केलेलं काम, आणि काय केलं नाही व का. प्रत्येक फोटोत मोजपट्टी. भंगारात गेलेले पितळी तुकडे इथे ठेवा, पहिला आणि दहावा शेजारी. एका भागाचं मापांसह हाताने काढलेलं रेखाटन घाला, संगणकाचं चालेल पण हाताचं हवंच. पंधरा-वीस पानांपेक्षा जास्त नको.

मुलाखतीसाठी एवढं तयार ठेवा: अँकर आणि लिव्हर एस्केपमेंट, म्हणजे एस्केप चक्र एकेक दात सोडणारी यंत्रणा, कागदावर काढून कसं चालतं ते इंग्रजीत पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे. मराठीत समजलेलं इंग्रजीत सांगताना अडखळायला होतं, म्हणून मोठ्याने सराव करा.

कागद आणि पैसे

इंग्लंडच्या पदवीचा अर्ज युकास या तिथल्या सामायिक प्रवेश-संस्थेमार्फत जातो, मुख्य मुदत जानेवारीत असते. इंग्रजीची परीक्षा त्याआधी देऊन ठेवा. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहण्याच्या खर्चाची ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तर मोजणी पुन्हा सुरू होते, त्यामुळे त्या खात्यातून ऊसबिलाची किंवा घरखर्चाची उलाढाल करू नका. भारतातून सहा महिन्यांहून जास्त जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातली क्षयरोग तपासणी लागते, तिचा दाखला सहा महिने चालतो. शैक्षणिक कर्ज घेताना बँकेला अभ्यासक्रमाचं नाव अनोळखी असतं. विद्यापीठाचं पत्र, विषयांची यादी आणि तुमचा पोर्टफोलिओ तिघंही फाइलला लावा.

चिमटे, कानशी, स्क्रूड्रायव्हर विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, ते चेक-इनच्या सामानात, टोकांना रबरी नळी घालून. आणि तेलाच्या बाटल्या नेऊ नका, तिथे ताज्या मिळतात.